घाटात एक कमी

कॉलेज बदलायला पोरं नाना कारणं सांगतात. कुणी मार्कांपायी बदलतं, कुणी मुलीपायी, कुणाचं मास्तरांशी फाटतं. मी बदललं ते चढापायी. सिल्लोडच्या कॉलेजात तसं सगळं होतं. वर्ग होते, फळे होते, प्राचार्यांच्या खोलीत फिरणारा पंखा होता; पण सायकल शिकवणारा कुणी नव्हता आणि दमवणारा घाट जवळ नव्हता. मला तर घाट चढायचं वेड लागलं होतं. आज माझ्या नातवाकडं जाड टायरांची, एकवीस गिअरची सायकल आहे. तिला डोंगरी सायकल म्हणतात म्हणे. तो ती लिफ्टमधून खाली नेतो, कॉलनीला दोन चकरा मारतो आणि परत लिफ्टमधून वर आणतो. मी काही बोलत नाही. बोललो की सून म्हणते, "झालं का बाबांचं सुरू?" म्हणून मग हे लिहायला बसलो. कागद मधेच उठून जात नाही.

आम्ही धनगर. गावात घर होतं, पण ते पावसाळ्यापुरतं. बाकीचे महिने घर मेंढरांमागं चालायचं. आबांची, म्हणजे वडलांची, एक काळी दणकट सायकल होती. तिला ब्रेक होता, पण तो लागत नसे. तीच घेऊन मी रोज सिल्लोडला जायचो आणि मागच्या कॅरियरला काही ना काही बांधलेलं असायचंच, लोकरीचं गाठोडं नाही तर आजारी कोकरू. एक दिवस असंच हगवण लागलेलं कोकरू गोणीत घालून, त्याचं तोंड तेवढं बाहेर ठेवून, मी जनावरांच्या दवाखान्याकडं निघालो होतो. रस्त्यात तालुक्याची सायकल शर्यत चालली आहे हे मला कुठं ठाऊक? पुढं आठ-दहा पोरं चड्डी-बनियनवर सायकली हाणत होती. माझं कोकरू मरायला टेकलेलं. मी घंटी वाजवत एकेकाला मागं टाकत गेलो, शेवटी दोघांनी एक दोरी आडवी धरली होती ती माझ्या छातीला अडकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी सोडवली आणि दवाखाना गाठला. पाठोपाठ एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत आत आले. हेच सय्यद सर. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका कॉलेजात ते खेळाचे मास्तर होते आणि त्या शर्यतीला पंच म्हणून आले होते. कोकराकडं बघत म्हणाले, "मियाँ, जो बंदा बकरी लादके इत्ता तेज जाता, वो खाली कित्ता तेज जाइंगा?"

मी म्हणालो, "बकरी नाय सर, कोकरू हाय. मेंढीचं."

"हौ, वोइच," सर म्हणाले. "इधर क्या रक्खा? हमारे कॉलेज में आ जा. दौलताबाद का घाट मेरे घर के पिछवाड़े समझ."

सरांनी सगळं समजावून सांगितलं. विद्यापीठाच्या संघासाठी घाटातली निवड शर्यत होणार होती. त्यातून चार पोरं निवडायची. मी त्यांच्या कॉलेजात आलो तर ते मला तयार करणार. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर म्हणाला असता, चालू वर्षात कॉलेज बदलायचं हे काय खूळ? आबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एक जागा सोडून दुसरीकडं जायचं म्हणजे काय, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. ते चिलीम भरता भरता म्हणाले, "तिथलं संपलं व्हय?"

"काय संपलं?"

"जे काय खाता तुमी तिथं, ते."

"व्हय आबा, संपलं."

"मंग जा. पाण्याचं तेवढं बघून घे तिकडं."

एवढ्यावर मिटलं असतं, पण चुलीपुढून माय म्हणाली, "आन मेंढरं?" आबांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते आणि मी थोरला. मेंढरं घेऊन आठ महिने चालायचं ते यंदापासून माझ्याकडं येणार, हे न बोलता ठरलेलंच होतं. चिलमीचे दोन झुरके मारून ते म्हणाले, "तुजा मास्तर किती पोरं घेणार?"

"चार."

"मंग पहिल्या चारात आलास तर शीक तिकडं. नाय आलास तर येऊन काठी घ्यायची. आन मंग रडायचं नाय."

मी हो म्हणालो. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो. सिल्लोडच्या प्राचार्यांनी दाखला देताना चष्म्यावरून बघत सांगितलं, "जा बाबा. पण परत आलास तर इथं जागा नाही." म्हणजे इकडचं दार बंद आणि तिकडचं अजून उघडायचं, अशा बेतानं मी काळ्या सायकलीवर ट्रंक बांधून शहरात आलो.

राहायला होतो मुकुंदवाडीला, गयाआत्याकडं. आत्याचा नवरा, आमच्याकडं त्याला मामा म्हणतात, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला होता. तेव्हा तिकडं रोज नवा पत्रा चढत होता. काल जिथं हरभरा होता तिथं आज फाटक आणि फाटकापुढं वर्दीतला माणूस. खेड्याखेड्यांतून पोरं येत होती, आत्याच्या दोन खोल्यांत मामांचा एक चुलतभाऊही येऊन राहिला होता, आणि आम्हा तिघांत बाज एक. मामांची पहिली पाळी, चुलतभावाची रात्रपाळी आणि माझं कॉलेज दुपारचं. भोंगा झाला की एक उठायचा, दुसरा पडायचा. ती बाज माझ्या आठवणीत कधी गार नव्हती. आत्याचं घड्याळ म्हणजे तो भोंगाच. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला शेजारणीशी भांडण. सुट्टीच्या दिवशी भोंगा होत नसे तर तिची भाकरी करपायची.

खाण्याच्या बाबतीत आत्यानं मला एडका समजायचं ठरवलं होतं. आमच्याकडं टकरीच्या एडक्याला जे चारतात तेच तिनं मला चारलं. सकाळी भिजवलेले हरभरे ओंजळभर, वर गुळाचा खडा. दुपारी येसराची आमटी आणि ज्वारीच्या तीन भाकरी, चौथी न विचारता. संध्याकाळी पुन्हा हरभरे. सय्यद सरांनी अंडी खायला सांगितली तर ती म्हणाली, "एडका अंडी खातो व्हय?" सरांचं म्हणणं तिला पटलं नाही, पण मास्तर माणूस म्हणून तिनं दोन अंडी चहाच्या पातेल्यात उकडून दिली. त्या दिवशी चहालाही अंड्याचा वास होता. मामा तो तसाच पिऊन कामावर गेले. रविवारी मात्र सर स्वतःच्या घरून नान-खलियाचा डबा आणायचे आणि सराव झाल्यावर दौलताबादच्या तटाजवळ आम्हा पोरांना खाऊ घालायचे. असा खलिया मी नंतर कुठंही खाल्ला नाही. पहिल्याच घासाला मी म्हणालो होतो, "सर, मटण शेळीचं हाय, मेंढीचं पायजे होतं." सर म्हणाले, "खा चुपचाप, डॉक्टर."

सर स्वतः सायकल चालवत नसत. ते मोपेडवर बसून, गळ्यात शिट्टी घालून आमच्या मागून यायचे आणि ओरडायचे, "दम लगाव! पाँव को नक्को सोचो, रस्ते को सोचो!" सपाटीवर हे ठीक होतं. घाट लागला की सरांचं वजन आणि मोपेडचा जीव यांचा मेळ बसायचा नाही. मग सर उतरून मोपेड ढकलत वर यायचे आणि आम्ही माथ्यावर जाऊन, गार होऊन, परत खाली आलेलो असायचो. त्यांनी मला कॉलेजची हलकी शर्यतीची सायकल दिली होती, पण मागं वजन नसलं की माझा तोल जायचा. जन्मभर कॅरियरला काहीतरी बांधून चालवलेली. तीन दिवसांत दोनदा गटारात गेल्यावर सरांनी हात टेकले. काळ्या सायकलीचे चिखलगार्ड काढले, चेनीचं झाकण काढलं, आणि कॅरियर काढायला लागल्यावर मी इतका केविलवाणा झालो की ते त्यांनी राहू दिलं.

सरावाला माझा जोडीदार होता गौतम. आमच्याच कॉलेजातला, मामांच्या कारखान्यातल्या एका फिटरचा पोरगा. नामांतराच्या चळवळीचे ते दिवस. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे, त्याच्या विरोधात बंद, मग संचारबंदी, मग पुन्हा कॉलेजला सुट्टी. गौतम सकाळी मोर्चात असायचा आणि संध्याकाळी सरावाला. एकदा पाठीवर लाठीचे वळ घेऊन आला आणि वाकून चालवता येईना म्हणून ताठ बसून घाट चढला. मला खरं सांगायचं तर त्या भांडणाचं फार काही कळत नव्हतं. मी विचारलं, "नावासाठी एवढा मार कशाला खातो रे?" तो म्हणाला, "तुझ्या मेंढरांना नावं असतात?"

"असतात की. मोरी, खांडी, बाळी."

"कोण ठेवतं?"

"आमीच. आमची हायेत ना."

"मग विद्यापीठ आमचंही आहे, हे कुणी कधी म्हटलं का? आमच्या बापाचं नाव त्या दारावर लागलं म्हणजे ते म्हटल्यासारखं होईल. एवढंच." पुढं कितीतरी वर्षांनी ते नाव लागलं तेव्हा मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो तिथं त्यानं फोन केला. नुसता रडत होता.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहितो. गौतम पहिल्यांदा घरी आला तेव्हा आत्यानं त्याला कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो कप कशासाठी वेगळा ठेवला आहे हे मला कळलं आणि मी मान खाली घालून बसलो. लाज वाटली, तरी बसून राहिलो. गौतम चहा प्यायला, त्यानं कप धुतला, फळीवर पालथा ठेवला. दुसऱ्या वेळी येताना तो घरून स्वतःचा पितळी गिलास घेऊन आला, अर्धा शेर दूध मावेल एवढा. आत्यापुढं ठेवून म्हणाला, "आत्या, ह्याच्यात द्या. काठोकाठ." आठवडाभर आत्यानं तो भरला. मग एक दिवस वैतागून म्हणाली, "मुडद्या, पातेलं रिकामं केलंस की रे! घे हा कप, आमच्यातला." आणि मामांचा कप त्याच्या हातात दिला. चुकलेल्या माणसाला असं जेरीला आणून वळवायचं कसं, हे मी गौतमकडून शिकायला हवं होतं. मला नाही जमलं कधी.

बंदमुळं निवड शर्यत दोनदा पुढं गेली आणि शेवटी एका रविवारी सकाळी झाली. छावणीपासून निघायचं, दौलताबाद, घाट, खुलताबाद आणि मग उतारानं वेरूळचा बसथांबा. वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही अकरा जण होतो. त्यात लासूर स्टेशनचा दिलीप हा सगळ्यांचा लाडका. मोठ्या जमीनदाराचा पोरगा, गोरापान, खाली वाकलेल्या हँडलची खास सायकल, पायात पांढरे मोजे. मी त्याच्या मोज्यांकडंच बघत होतो. शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. दौलताबादपर्यंत मी आणि दिलीप पुढं होतो. तिथं रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या वेशीतून जातो. वेशीत कडब्यानं भरलेला एक ट्रक अडकला होता. दोन्ही बाजूंनी कडबा दगडांना घासत होता आणि ड्रायव्हर शिव्या देत होता. मी खाली वाकून, भिंतीला खांदा घासत निसटलो आणि घाटाला लागलो. थोड्या वेळानं तोच ट्रक घरघरत मला ओलांडून गेला. माझ्या तोंडात कडब्याची धूळ गेली. मी थुंकलो आणि पायडल मारत राहिलो. मागं बघितलं तर कुणी नाही. पहिल्या चारात कसला, मी पहिला होतो! आबांची काठी गेली खड्ड्यात, असं मी मोठ्यानं म्हणालो, आणि त्याच आनंदात माथ्यावर पोचलो.

माथ्यावर पोचलो आणि थांबलो.

आता हे कसं सांगावं? आमच्यात रीत आहे. चढ संपला की थांबायचं, रस्त्याच्या उंच अंगाला उभं राहायचं, मागं वळायचं आणि मोजायचं. चढात मेंढरू मागं राहतं. पुढं गेलेलं कुठं जात नाही, मागं राहिलेलं लांडगा नेतो. मोजून पुरतं भरल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. मी पाच वर्षांचा असल्यापासून हे करत आलो होतो. चढ संपला तशी माझी सायकल आपोआप बाजूला गेली, एक पाय दगडावर टेकला आणि मान वळली. मी शर्यतीत आहे हे माझ्या डोक्याला माहीत होतं. पाय टेकला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एक आला. दोन आले. मी बोटानं मोजत होतो. ते माझ्याकडं बघत पुढं गेले. तीन. मग चौथा, गौतम. तो ओरडला, "अरे येड्या, थांबलास काय? पळ!" मी म्हणालो, "तू हो पुढं, अजून सहा यायचेत." पाच, सहा, सात झाले. एकाला वाटलं मी पाणी द्यायला उभा आहे, त्यानं हात पुढं केला. आठ. नऊ. मग रस्ता रिकामा. मी आणि नऊ म्हणजे दहा. एक कमी. पांढरे मोजे आले नव्हते. वेशीपर्यंत दिलीप माझ्या मागच्या चाकाला होता आणि आता नव्हता. डाव्या अंगाला सगळी दरी.

लोकांना मी हे सांगितलं की म्हणतात, काय माणुसकी हो तुमची! कसली माणुसकी! सवय होती, सवय. माणुसकी असती तर विचार करून थांबलो असतो. मी विचार केला असता तर थांबलो नसतो, आणि खरं सांगतो, त्या थांबण्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी सायकल वळवली आणि घाट उतरायला लागलो. प्रत्येक वळणाला थांबून दरीत डोकावायचं आणि ओरडायचं, "दिलीऽऽप!" खाली उतारावर एक म्हातारा धनगर मेंढरं चारत होता. नाव बिरूतात्या. त्यांनी काठी वर करून विचारलं, "काय हरवलं रं?"

"माणूस! सायकलीवरचं!"

"कसलं हाय?"

"गोरं! पायात पांढरे मोजे!"

तात्यांनी लगेच शीळ घातली. पलीकडच्या उतारावरून दोघं आले, कुत्री आली. जाळ्या झोडपल्या, घळी बघितल्या. दिलीपचा पत्ता नाही. एका घळीत एक पांढरं चिंधूक सापडलं. ते मोज्याचं आहे का शेल्याचं यावर पाव तास वाद झाला. तेवढ्यात मोपेड ढकलत, घामानं निथळत सय्यद सर वर आले. मला उलट्या तोंडानं बघून त्यांचा चेहराच उतरला. "तू इधर कैकू?"

"सर, दिलीप दरीत गेला."

सर मोपेड सोडून रस्त्यात मट्‌कन खाली बसले. मोपेड आपली आपण चार पावलं मागं जाऊन पडली. "या अल्ला," ते म्हणाले, "उसके बाप को मैं क्या मूँ दिखाऊँ?" मग सावरून म्हणाले, "जा, वेरूळ को जाके खबर दे. आदमी ला. मैं इधर देखता."

दरी धुंडाळलेला माणूस सोबत असावा म्हणून बिरूतात्या निघाले. मी त्यांना कॅरियरवर बसवलं आणि तोच घाट दुसऱ्यांदा चढलो. मागं वजन होतं त्यामुळं तोल मात्र झकास होता. तात्या मागून म्हणत होते, "दमादमानं घे बाळा, गेलेलं गेलं." माझ्या डोळ्यांतून पाणी. वेरूळचा उतार लागला आणि मला आठवलं की ब्रेक लागत नाही. तात्यांनी दोन्ही वहाणा रस्त्याला टेकवल्या. धूर निघाला त्यांचा, पण आम्ही बसथांब्यापाशी उभे राहिलो.

समोर बाकड्यावर दिलीप बसला होता. गळ्यात झेंडूचा हार, हातात भज्यांची पुडी. निकालाला बसलेले एक मास्तर वहीत नावं लिहीत होते आणि लेणी बघायला आलेली एक गोरी बाई दिलीपचा फोटो काढत होती. मी सायकल तशीच टाकली आणि त्याला मिठी मारली. "जिता हायेस! अरे, जिता हायेस!" हाराचा चुरा झाला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाजूला झालो. "पण तू वर आलाच नाय," मी म्हणालो. "मी मोजत होतो."

"मोजत होतास?" मास्तर म्हणाले. "म्हणजे तू थांबला होतास? शर्यतीत?"

सगळे हसायला लागले. दिलीप सगळ्यांत मोठ्यानं. म्हणाला, "हा मागं राहिला म्हणून गोष्टी सांगतोय. मी ह्याला कधीच ओलांडलं." आणि लोकांना ते पटलंही, कारण शर्यतीत कुणी मोजायला थांबतो हे कोण खरं मानणार? मी गौतमकडं बघितलं. तो म्हणाला, "हा थांबला होता, मी बघितलंय." पण तो माझा दोस्त, त्याचं कोण ऐकणार?

बिरूतात्या दिलीपभोवती, नवं जनावर बघावं तसे, एक चक्कर मारून आले. मग त्यांनी त्याच्या केसांतून एक काडी उपटली, दाताखाली धरली, चावली आणि म्हणाले, "मालदांडी ज्वारीची हाय. घाटातनं गेलेल्या ट्रकात हीच व्हती. कडब्याच्या वर सायकल निजलेली बघितली म्या, माणूस काय दिसलं नाय. म्हणलं, आता सायकलीला बी कडबा घालाया लागले का काय!"

आता हसणाऱ्यांची तोंडं फिरली. दिलीपच्या मोज्यांत, सदऱ्याच्या मागं, कानावर, सगळीकडं कडबा होता. तो म्हणाला, "मी पडलो होतो शेतात." तात्या म्हणाले, "घाटात कुठलं शेत, बाळा?" गोऱ्या बाईनं दिलीपला सोडून तात्यांचा फोटो काढला. मास्तरांनी वहीतलं पहिलं नाव खोडलं. पाचवा आलेला गौतम त्यामुळं चौथा झाला. मी शेवटून पहिला.

सय्यद सर दुपारी एका जीपमधून मोपेड घेऊन पोचले. दिलीपला बघून त्यांनी आधी आकाशाकडं हात केले, मग त्याला एक सणसणीत ठेवून दिली आणि मग मला बाजूला नेलं. "सच बोल. कैकू रुका?"

"मोजायला, सर."

"क्या गिनने को?"

"पोरं."

सरांचं पोट हलायला लागलं, आणि हसता हसता ते खाली वाकले. डोळे पुसून म्हणाले, "चार हो गए, मियाँ. मैं कुछ नहीं कर सकता." मी मान हलवली. "मगर टीम के साथ एक राखीव बी जाता. राखीव का काम क्या? सबके पीछे रहना, किसका पंक्चर हुआ, कौन गिरा, देखना. तेरे से अच्छा पीछे कौन रहता?" त्यांनी यादीत पाचवं नाव लिहिलं. कॉलेजात माझा प्रवेश त्यावर पक्का झाला.

पण आबांनी पाच म्हटलं नव्हतं, चार म्हटलं होतं. राखीव म्हणजे काय हे मी त्यांना कसं समजावणार? मी दोन दिवसांनी गावाकडं निघालो. ट्रंक बांधूनच घेतली. आत्या भांडी घासत होती, तिनं वर बघितलं नाही. वाटेत प्रत्येक चढाला मला स्वतःचाच राग येत होता.

मेंढरं गावाबाहेर एका वावरात बसली होती. तिसरा प्रहर, आबा आणि माय जेवत होते. मी पोचलो, हातपाय धुतले आणि आबांपुढं उभा राहून म्हणालो, "काठी द्या आबा. चारात नाय आलो." माय म्हणाली, "आधी खा." तिनं भाकरी आणि ठेचा पुढं केला. मी खाता खाता सगळं सांगितलं. आबा मधे मधे विचारत होते.

"किती व्हते?"

"माझ्यासकट अकरा."

"थांबला कुठं?"

"माथ्यावर. रस्त्याच्या उंच अंगाला."

"बराबर. एक कमी भरल्यावर?"

"मागं फिरलो."

"बराबर."

आबा खूश झाले होते, इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी हरल्याची गोष्ट सांगायला आलो होतो आणि दुसरंच काहीतरी शाबीत करून बसलो होतो. असा पोरगा मेंढरांमागं मिळत असताना कुठला बाप त्याला शहरात सोडणार?

आबा मायला म्हणाले, "ऐकलं? लई चांगला धनगर झाला असता ह्यो." मग माझ्याकडं वळले. "सकाळच्याला निघ. ट्रंक सोडू नको."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? मास्तरकडं. त्यानं नाव लिवलंय ना तुजं?"

"पण आबा, चारात नाय आलो मी. पाचवं हाय ते. राखीव."

"चार का पाच ते मास्तरचं मास्तर बघंल. मला काय तुजी शर्यत कळती व्हय? तू खरंच पळाया जातो, का मेंढरामागं चालायचा कटाळा म्हणून बापाला चुकवतो, तेवढं बघायचं व्हतं मला. जो एका सकाळी दोनदा घाट चढला, तो चुकार नाय."

"आन तुमचे गुडघे?"

"दोन हायेत. एक गेला तर दुसरा हाय." त्यांनी ताट पुसून घेतलं. "आन ऐक गाढवा, ती काय मेंढरं व्हती व्हय? त्यान्ला त्यांचे बाप नव्हते मोजाया? पुढच्या खेपंला थांबलास तर तंगडं मोडीन."

मी हो म्हणालो. तोंडात भाकरी होती आणि मी ती चावतच राहिलो, खूप वेळ, कारण ती गिळली असती तर माझा आवाज फुटला असता. मला वाटलं कुणाला कळलं नाही. आबा उठून मेंढरांकडं गेले. मायनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि तोंड दुसरीकडं वळवलं.